अष्टमीच्या दिवशीची एकादशी

प्रमिले, तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलली. विहारात सतरंजीवर शंभर-दीडशे माणसं बसली होती, त्यांच्यासमोर माईक हातात धरून बोलली. तुझा हार घातलेला फोटो माझ्या मागं होता म्हणून बोलता तरी आलं. समोर असता तं माझी जीभच उचलली नसती.

तुले जाऊन आज सतरा दिवस झाले. मी आपल्या बोलीतच लिहून राहिली, कारण तू म्हणायची, "कुंदे, तू पुस्तकातली मराठी बोलाले लागली का मले समजते, ही आता काहीतरी लपवून राहिली." आज लपवाचं नाही. लई लपवून झालं.

सव्वीस वर्षं आपण एकाच सरकारी शाळेत होतो. तू विज्ञानाची, मी गणिताची. स्टाफरूममध्ये खिडकीजवळचा टेबल आपला, आणि डबा दोघींचा मिळून. तुझ्या डब्यात वांग्याचं भरीत असलं का माझी पोळी आधी तिकडे जायची. मी पुरानी बस्तीतली, भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेल्या बामनाच्या घरची सून. तू रेल्वे लाईनीपलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे तिकडच्या वस्तीतली, भंडाऱ्याकडून आलेल्या बौद्ध घरची. आणि मी तुझ्या डब्यातलं खाते, ह्याचा मले केवढा गर्व होता माहीत आहे? घरी सासूबाईंसमोर सांगाची नाही, पण मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. अवो, भरीत खाल्लं म्हणून कोणी स्वतःले शाबासकी देते का? तू नाही दिली कधी स्वतःले, माझी भाजी खाल्ली म्हणून.

तुले हे सगळं दिसत होतं. तू एकदाच बोलली, तेही हसत हसत: "कुंदे, तू सुधारक आहे वो, पण सुट्टीच्या दिवशी नाही." मी रागावली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तूच माझ्यासमोर डबा सरकवला.

रिटायर झाल्यावर तुले एकच हौस उरली होती, समुद्र पाहाची. रायपुरात तलावांची काही कमी नाही, पण समुद्र कुठून आणाचा? तुझे मिस्टर रेल्वेत होते तेव्हा पास असूनही कधी पुरीपर्यंत जाणं झालं नाही. पहिले तुझ्या पोट्टीचं, श्वेताचं शिक्षण, मग त्यांचं आजारपण, मग तेच गेले. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांचं मंडळ दरवर्षी सहल काढते, आणि माझी नणंद निर्मलाताई तिची मुखिया. त्या वर्षी अंदमान ठरलं. मी तुझं नाव दिलं. ताईनं विचारलं, "तिले जमेल नं आपल्यात?" मी म्हटलं, "चांगली आहे वो ती." काहून म्हटलं मी असं? निर्मलाताईच्या बाकीच्या आठ मैत्रिणींबद्दल त्या चांगल्या आहेत का, हे मले कोणी विचारलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोन तासांवरचं ते बेट. एवढंसं, सायकल घेऊन सकाळी निघालं तं जेवाच्या वेळेले पूर्ण चक्कर मारून परत. सुपारी, नारळ, केळी, मधातच धानाची लहान लहान खेतं, आणि कोणत्याही रस्त्यानं गेलं तरी शेवटी पाणीच. बाकीच्या बायकांनी रेती लागते म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि फोटो काढाले लागल्या. तू चपला काढून हातात घेतल्या आणि सरळ चालत गेली. लाट आली, तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं. तू वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेले लावलं.

"खरंच खारट आहे वो, कुंदे!" तू ओरडली. "इतके वर्षं पोट्ट्यांना फोकट नाही शिकवलं मी!"

मी इतकी हसली का माझ्या पोटात दुखाले लागलं. ती संध्याकाळ चांगली होती, प्रमिले. तेवढी एक संध्याकाळ माझ्याजवळ आहे, जिची मले लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तू म्हटलं, मासे पकडणाऱ्या लोकांचं गाव पाहून येऊ. बाकीच्यांना काचेच्या बुडाच्या नावेतून रंगीत मासे पाहाचे होते, म्हणून आपण दोघीच निघालो. बेटाच्या दुसऱ्या टोकाले वीस-पंचवीस घरं, सगळे तेलुगू. त्यांचे आजे-पणजे आंध्राच्या किनाऱ्यावरून आलेले, पण पोरं-सोरं सगळी हिंदी बोलून राहिली होती. रेतीवर लाकडी होड्या ओढून ठेवलेल्या. एकेका होडीच्या बाजूले बांबू बांधून दुसरा ओंडका जोडलेला, लाटेत उलटू नये म्हणून. एक म्हातारा जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणत होता आणि फाटलेली जागा विणत होता, आपल्याकडे खाट विणतात तसा. बांबूच्या मांडवावर चिरलेले, मीठ लावलेले मासे वाळत होते.

तिथं नूकम्मा भेटली. साठीची बाई, कपाळभर कुंकू, विळी पायाखाली धरून मासे साफ करत बसलेली. तू तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिच्या टोपल्यातला मासा उचलून, नखानं खवले काढाले लागली. नूकम्मा तोंड उघडं टाकून पाहतच राहिली. मीही. तेव्हा तू सांगितलं का भंडाऱ्याकडे तुझे आजोबा तलावात जाळं टाकत, आणि सुट्टीत तू त्यांच्यासोबत पहाटे पाण्यात उतरायची, आणि जाळं ओढताना आजोबा जे गाणं म्हणायचे ते तुले अजून पाठ आहे. सव्वीस वर्षं एका टेबलावर जेवली तुझ्यासोबत, आणि हे मले तिथं, हजार कोसांवर कळलं. तू सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

दुपार झाली. नूकम्मानं तिघींची ताटं वाढली. भात, चिंच घातलेलं माशाचं कालवण, आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिनं आधीच विचारलं, "अम्मा मछली नहीं खाती होगी? भात में दाल दे दूँ?"

आता पाहा. मी मासे खात नाही, हे त्या बाईनं न सांगता ओळखलं होतं. वाईटही वाटून घेतलं नव्हतं. नुसता वरण-भात खायचा होता मले. आणि मी म्हटलं, "नहीं नहीं, मेरी आज एकादशी है."

नूकम्मा समुद्राकडे पाहून हसली. "एकादशी कैसे अम्मा? आज तो अष्टमी है. पानी देखो न, मरा हुआ है."

तिचं बरोबर होतं. ते लोक चंद्राच्या हिशोबानं चालतात. कोणत्या तिथीले पाणी किती चढते, किती उतरते, होडी कधी लोटाची, जाळं कुठं टाकाचं, सगळं तिथीवर. अष्टमीले पाणी आळशी असते, ना धड चढत ना उतरत. पंचांग आपण भिंतीवर टांगतो, तिच्या दारासमोर ते दिवसातून दोनदा येत-जात होतं. आणि मी, गणिताची मास्तरीण, तिच्या अंगणात बसून तिले तिथी खोटी सांगून राहिली होती.

तेवढ्यात तूच बोलली, "हमारे रायपुर का पंचांग अलग है, दीदी. वहाँ चाँद देर से पहुँचता है."

नूकम्मा पोट धरून हसली. तू माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यातला भातही खाऊन टाकला, का अन्न तसंच परत जाऊ नये. मी पदर नाकाशी धरून होडीकडे पाहत बसली. निघताना नूकम्मानं तुले वाळलेले मासे दिले, कागदात गुंडाळून, वरून पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी.

परत येताना तू म्हणाली, "मासे नको खाऊ वो. पण तिच्या घरचा भात तरी..." आणि थांबली. मी भडकलीच. चोर तो चोर वर शिरजोर! म्हटलं, "तुले प्रत्येक गोष्टीत तेच दिसते, प्रमिला. माझं पोट बरं नव्हतं." तू म्हणाली, "दिसत नाही वो, कुंदे. समोर वाढल्या जाते." हे भांडण तिथंच राहिलं. मी पुढं चालाले लागली, आणि तू मागून येत राहिली. आज ते भांडण कोणासोबत पुरं करू? करायले गेली तरी हरणार मीच, आणि मले हराचं आहे.

पण हेही काहीच नाही. खरी गोष्ट त्याच दिवशी चहाच्या वेळेची आहे.

गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात सगळ्या बसल्या होत्या. निर्मलाताई नाकाले रुमाल लावून म्हणाली, "काहीतरी भलताच वास येऊन राहिला. कोणाच्या खोलीतून येते वो?" सगळ्यांनी माझ्याकडे पाह्यलं, कारण आपली खोली एक होती. खरं सांगते, मले तोपर्यंत वास आलाच नव्हता. तीन पदरी बांधलेलं होतं ते, तुझ्या बॅगेत, कपाटात. पण नऊ जणींची तोंडं माझ्याकडे वळली आणि मले वाटलं, आता मी कोणाची, हे ह्या पाहून राहिल्या.

मी म्हटलं, "मले काय विचारता? त्यांच्यात चालते ते सगळं. मी तं नाक दाबून राहून राहिली तिच्यासोबत."

सगळ्या हसल्या. मीही हसली. हसता हसता मान वळवली तं तू दारात उभी. हातात दोन कप चहा, एक तुझा, एक माझा. तू पुढं आली. माझा कप कठड्यावर ठेवला, हँडल माझ्याकडे करून, आणि आत गेली.

*त्यांच्यात*. सव्वीस वर्षं एका डब्यात जेवून माझ्या तोंडून हेच निघालं. तू कोणी "ती" नव्हतीच त्या वेळी, तू "ते लोक" होती. आणि हा शब्द मले शोधावा लागला नाही, प्रमिले. तो तयारच होता जिभेवर. मले त्याचीच जास्त लाज वाटते.

मग मी अजून एक केलं. डोकं दुखते असं सांगून आपली बॅग उचलली आणि निर्मलाताईच्या खोलीत गेली. तू पलंगावर बसून पायाची रेती झटकत होती. म्हणाली, "गोळी देऊ का?" मी म्हटलं, "नको." येवढंच बोलणं झालं आपलं.

सकाळी परतीच्या बोटीत तू डेकवर एकटी बसली होती. रात्रभरात मी मनातल्या मनात दहा वेळा माफी मागून घेतली होती, आता मोठ्यानं मागू, असं ठरवून आली होती. तू मले पाह्यलं, सरकून जागा दिली आणि म्हणाली, "बसा नं, कुंदाताई."

मी त्या जागेवर बसली, आणि माफी मागितलीच नाही. त्या दिवसापासून मी "कुंदे" नाही झाली परत. तू अबोला धरला असता तं मी तुझ्या दारात येऊन रडली असती, पाय धरले असते. पण तू अबोला धरलाच नाही. फोन करायची, तब्येत विचारायची, संक्रांतीले घरी यायची. फक्त "तुम्ही" म्हणायची. इतक्या मायेनं "तुम्ही" म्हणायची का मले तक्रारही करता येत नव्हती. कोणी विचारलं असतं तं काय सांगितलं असतं, माझी मैत्रीण मले मान देते म्हणून मी रडते?

पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या श्वेताचं लग्न झालं. अभनपूरच्या छत्तीसगढी घरी, धानाचा व्यापार करणारे लोक, पोट्टा तिच्याच बँकेतला. तुमच्यातले नाहीत, दुसऱ्या जातीचे, म्हणून दोन्हीकडे कुजबुज होती. तू मले पहिल्या रांगेत बसवलं. श्वेता स्टेजवरून उतरून माझ्या पाया पडली आणि माझे हात बराच वेळ धरून ठेवले. मले समजलं नाही काहून. मी साडीच पाहत होती तिची.

आणि दवाखान्यात, प्रमिले, मागच्या महिन्यात! तुझा हात इतका बारीक झाला होता का घड्याळ कोपरापर्यंत घसरलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो, चांगला अर्धा तास. मी घरून वाक्य पाठ करून आली होती. आणि बोलली काय? "इथं एसी भलताच जोरात आहे, नाही?" तू म्हणाली, "हो, ताई." मग श्वेता आली तं तिले म्हणाली, "कुंदाताईंना ऑटोपर्यंत सोडून दे, पायऱ्या ओल्या आहेत." मरणाऱ्या माणसानं माझ्या पायाची काळजी केली, आणि मी एसीवर बोलून आली.

मग ती शोकसभा. श्वेता उठली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तिची ती नेहमीची बोली. म्हणाली, "मम्मी हमेशा एक किस्सा सांगायची. अंदमानला गेल्या होत्या तेव्हा सगळ्या बायका तिच्यावर नाक मुरडून राहिल्या होत्या, सुक्या मासळीवरून. तब अकेली कुंदामौशी खड़ी हुई. सगळ्यांना म्हणाली, प्रमिलाची खोली तीच माझी खोली, ज्याले वास येते त्यानं समुद्रात जाऊन झोपावं."

विहारात लोक रडता रडता हसले. समोरच्या एका म्हाताऱ्यानं मले हात जोडले. आणि श्वेतानं माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणू शकत होती. एकच वाक्य होतं, "असं झालं नाही." मी म्हटलं, "प्रमिला माझी जिवाची होती. तिच्यासाठी मी कोणासोबतही भांडली असती." आणि टाळ्या नसतात तिथं, पण सगळे हळूच "साधू, साधू" म्हणाले. माझ्यासाठी.

घरी आली आणि जेवण गेलंच नाही. तू मले वाचवत गेली, एकादशीच्या वेळी वाचवलं तसं. माझ्या वाटणीचं ताट ओढून घेतलं आणि निपटून टाकलं. मले वाटलं, हे आता नाही चालाचं. एकदा तरी खरं बोलू. म्हणून काल दुपारी श्वेताकडे गेली, तुझ्याच घरी. ती तुझं कपाट रिकामं करत होती.

सगळं सांगितलं. नूकम्माचा भात, व्हरांडा, "त्यांच्यात", डोकेदुखी, सगळं. ती घडी घालता घालता थांबली. मग खाली फरशीवर बसली.

"मम्मी तं कधी झूठ नव्हती बोलत, मौशी," ती म्हणाली. "मग असं काहून सांगितलं तिनं?"

"मले वाचवाले, बाई."

तिनं हातातली घडी खाली ठेवली. मग मान हलवली. "आपको नहीं, मौशी. मले."

तेव्हा तिनं सांगितलं. अंदमानहून तू आली त्याच आठवड्यात अभनपूरहून निरोप आला होता. पोट्टा तयार, त्याचे आईबापही कसेबसे तयार. श्वेताच मागं सरत होती. म्हणत होती, आज हसून नेतील, उद्या माझं ताट वेगळं करतील, कोणाचा काय भरवसा. तू तिले समोर बसवलं आणि हा किस्सा सांगितला. म्हणाली, बेटा, असे लोकही असतात, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं आहे, नऊ जणींसमोर माझी कुंदा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी श्वेतानं हो म्हणून टाकलं.

माझ्यापासून जे मिळालं नाही, ते तू माझ्या नावानं तिले देऊन टाकलं, प्रमिले. आणि मी काल जाऊन तिच्याकडून ते काढून घेतलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवाले गेली, आणि ते आई गेलेल्या पोट्टीच्या डोक्यावर ठेवून आली. खरं बोलाचीही अक्कल लागते, ती मले नव्हतीच.

मी घाबरून विचारलं, "तिथं चांगले वागतात नं तुझ्यासोबत?"

"अच्छे हैं," ती म्हणाली. "अभी तक."

मग तिनं तुझी साडी मांडीवर घेतली आणि विचारलं. रागानं नाही, एखादा रस्ता विचारावा तसं साधं विचारलं.

"तो फिर मौशी, वैसे लोग होते हैं कि नहीं?"

मले हो म्हणता आलं नाही. नाही म्हणाचीही हिंमत झाली नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती, प्रमिले, तुझ्याच डोळ्यांनी, आणि ह्या वेळी मी डोकेदुखी सांगून उठली नाही, तिथंच बसून राहिली.